प्रत्ययाकडून प्रिपोझिशनकडे

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून चौथी झालेले मूल पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते. शब्द, स्पेलिंग, कविता हे सारे ते वर्ष-दोन वर्षांत बऱ्यापैकी आत्मसात करते. मात्र ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘टू’, ‘फॉर’ हे चिमुकले शब्द, म्हणजेच प्रिपोझिशन, दहावीपर्यंत, आणि पुढे कचेरीत अर्ज लिहितानाही, त्याची पाठ सोडत नाहीत. डिचोलीत अशा मुलांची शिकवणी घेताना माझ्या ध्यानात आले की बहुतेकांच्या वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता असतो: ‘त’ म्हणजे ‘इन’, ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘ला’ म्हणजे ‘टू’, ‘ने’ म्हणजे ‘बाय’. आरंभीची काही वर्षे हा तक्ता मीही फळ्यावर लिहून दिला आहे, आणि आता तो कुठे दिसला की मला ओशाळल्यासारखे होते, कारण निम्म्या चुका त्यातूनच जन्मतात. त्याऐवजी वेगळी रीत वापरून पाहावी. वाक्यातला मराठी प्रत्यय हातात घ्यावा, तो तेथे नेमके कोणते काम करीत आहे हे स्वतःला विचारावे, आणि त्या कामाला इंग्रजीत कोणता शब्द लागतो तो शोधावा.

आरंभ ‘ई’ या सप्तमीच्या प्रत्ययापासून करणे सोयीचे आहे, कारण तक्त्याचा फोलपणा तेथे लगेच उघडा पडतो. ‘घरी’, ‘सकाळी’, ‘सोमवारी’, ‘रात्री’ हे चार शब्द आपण विचारही न करता बोलतो. इंग्रजीत त्यांचे ‘ॲट होम’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन मंडे’ आणि ‘ॲट नाइट’ असे होते, आणि ‘मी घरी गेलो’ म्हणायचे तर ‘आय वेंट होम’ एवढेच पुरते, तेथे कोणताच प्रिपोझिशन लागत नाही. एका वेलांटीच्या जागी तीन निरनिराळे शब्द, आणि एकदा काहीच नाही.

बांधणीतला फरक थोडक्यात सांगून टाकतो. मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि नामाला सामान्यरूप घ्यायला लावते: म्हापसा, पण म्हापशात, फोंडा, पण फोंड्याहून. इंग्रजीत हा शब्द नामाच्या आधी, सुटा उभा राहतो आणि नामाला धक्का लावत नाही. सर्वनामाला मात्र लावतो, म्हणून ‘विथ मी’, ‘फॉर हिम’, ‘बिटवीन यू अँड मी’. या शेवटच्या प्रयोगात ‘आय’ घालणारे सुशिक्षित लोकही पुष्कळ भेटतात.

आता जागेचे शब्द. यासाठी मी मुलांना रायबंदरच्या फेरी धक्क्यावर मनाने उभे करतो, कारण मये-चोडणमार्गे पणजीला जाणाऱ्या डिचोलीकराला ती जागा तळहातासारखी ठाऊक असते. आपण मोटारीत बसून धक्क्यावर थांबलो आहोत. फोनवर घरच्यांना सांगायचे झाले तर ‘आय ॲम ॲट द जेटी’. येथे धक्का हा नकाशावरचा एक ठिपका आहे. आपण त्याच्या पायरीवर आहोत की रांगेत, याला महत्त्व नाही. फेरीबोट येते, मोटार तिच्यावर चढते: ‘द कार इज ऑन द फेरी’. फेरीबोट म्हणजे माल आणि माणसे पेलणारा सपाट पृष्ठभाग. आपण मात्र अजून मोटारीतच आहोत: ‘आय ॲम इन द कार’. चारही बाजूंनी बंदिस्त, उभे राहायला जागा नाही, म्हणून ‘इन’. म्हणजे एकाच क्षणी, एकच माणूस, मोटारीच्या हिशेबाने ‘इन’ आणि बोटीच्या हिशेबाने ‘ऑन’ असतो. बोट ‘अक्रॉस द मांडवी’ जाते, ‘फ्रॉम रायबंदर टू चोडण’. चोडण हे बेट असल्याने तेथली माणसे ‘ऑन द आयलंड’ राहतात, पण तेथल्या पक्षी अभयारण्यातले पक्षी ‘इन द मँग्रोव्ह्ज’ असतात. पणजी शहर नदीकाठी आहे, म्हणून ‘पणजी इज ऑन द मांडवी’. हे ऐकून मुले हसतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे पाण्यावर तरंगणारे शहर येते. पण ‘ऑन’मध्ये वर असण्यापेक्षा लागून असण्याचा अर्थ अधिक आहे, आणि शहर नदीला लागून आहे.

हाच धागा वाहनांना लावावा. ज्या वाहनात आपण उभे राहून चालू शकतो त्याला ‘ऑन’: बस, रेल्वे, विमान, बोट. ज्यात वाकून शिरून बसावे लागते त्याला ‘इन’: मोटार, रिक्षा, टॅक्सी. ज्यावर टांग टाकून बसतो त्याला पुन्हा ‘ऑन’: सायकल, घोडा, आणि आपल्याकडे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या पायलटाची पिवळी-काळी मोटरसायकल.

लागून असण्याचा हा अर्थ नीट मुरला की ‘वर’ आणि ‘त’ यांचे पुष्कळ घोळ आपोआप सुटतात. चतुर्थीचे उदाहरण घ्यावे. ‘गणपतीवर फुले वाहिली’ आणि ‘गणपतीवर माटोळी बांधली’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘वर’ म्हणतो. फुले मूर्तीला टेकली आहेत, म्हणून ‘ऑन द आयडल’. माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, मूर्तीच्या माथ्यावर, मध्ये अंतर ठेवून लटकते, म्हणून ‘ओव्हर द आयडल’ किंवा ‘अबव्ह द आयडल’. माटोळीसाठी ‘ऑन’ लिहिले तर सुपाऱ्या, नारळ आणि काकड्या मूर्तीच्या अंगावर रचल्याचे चित्र उभे राहते. उलट, छताला टांगलेला पंखा छताच्या खाली असूनही ‘ऑन द सीलिंग’, आणि भिंतीला लावलेले घड्याळ ‘ऑन द वॉल’. आपण तेथे ‘ला’ वापरतो. अंगठी आपल्याकडे बोटात असते, चप्पल पायात असते. इंग्रजीत दोन्ही ‘ऑन’. गळ्यातला हार ‘अराउंड द नेक’. पांढरा सदरा घातलेला माणूस मात्र ‘द मॅन इन द व्हाइट शर्ट’, कारण तेथे माणूसच सदऱ्याच्या आत आहे. मराठीत सदरा अंगात आणि इंग्रजीत अंग सदऱ्यात.

‘वर’चे आणखी काही प्रकार चटकन पाहून घ्यावेत. ‘मी स्टँडवर उभा आहे’ याला ‘ॲट द बस स्टँड’. ‘दारावर कोणीतरी आले आहे’ याला ‘ॲट द डोअर’. पक्षी झाडावर बसला तर तो फांद्या-पानांच्या आत असतो, म्हणून ‘इन द ट्री’. फळ मात्र देठाने जोडलेले असल्यामुळे ‘ऑन द ट्री’. आणि माडावर चढलेला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, ‘अप द ट्री’. घरात कोंकणी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी हा घोळ दुप्पट असतो, कारण ‘मेजार’ आणि ‘रस्त्यार’ यांतला एकच ‘र’ त्यांच्या कानांत बसलेला असतो, आणि त्यावर मराठीचा ‘वर’ चढतो. ‘वरून’ तर याहून खट्याळ आहे: स्कूटरवरून पडला तर ‘ऑफ द स्कूटर’, पुलावरून गेला तर ‘ओव्हर द ब्रिज’, घरावरून गेला तर ‘पास्ट द हाउस’. येथेच एक सावधगिरी सांगतो. मालकी किंवा संबंध दाखवणारा ‘ऑव्ह’ आणि सुटून अलग होणे दाखवणारा ‘ऑफ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. आपण दोन्हींचा उच्चार सारखाच करतो आणि मग लिहिताना एफ एक की दोन, याचा गोंधळ होतो.

‘त’ने आणखी एक सापळा लावलेला आहे. ‘मुलगा शाळेत आहे’ आणि ‘मुलगा शाळेत जातो’ यांत प्रत्यय तोच, पण पहिल्यात मुक्काम आहे आणि दुसऱ्यात प्रवास. इंग्रजी प्रवासासाठी ‘टू’ मागते: ‘ही गोज टू स्कूल’. आत शिरण्याची हालचाल ठळक असेल तर ‘इंटू’. २४ जूनच्या सांजाव या ख्रिस्ती सणाला पोरे विहिरीत उडी घेतात, ती ‘इंटू द वेल’. उडी घेतल्यावर विहिरीत डुंबतात, ते ‘इन द वेल’. काठावरून पाण्यापर्यंतचा जेवढा वेळ, तेवढाच ‘इंटू’चा. ‘ला’चेही असेच आहे: ‘पणजीला जातो’ यात ‘टू’, ‘पणजीला राहतो’ यात ‘इन’. म्हणून प्रत्यय पाहण्याआधी क्रियापद हलणारे आहे की थांबलेले, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

वेळेसाठी नियम त्या मानाने सरळ आहेत. घड्याळातला क्षण ‘ॲट’ने, दिवस किंवा तारीख ‘ऑन’ने, आणि महिना, वर्ष, ऋतू असा लांब काळ ‘इन’ने सांगावा. गोवा ‘इन १९६१’ मुक्त झाला, आणि नेमकेपणाने सांगायचे तर ‘ऑन १९ डिसेंबर १९६१’. घटक राज्य झाला ‘ऑन ३० मे १९८७’. सकाळ एरवी ‘इन द मॉर्निंग’ असते, पण तिला वार किंवा तारीख चिकटली की ती दिवसाच्या ताब्यात जाते: ‘ऑन सॅटर्डे मॉर्निंग’. नाताळचा सगळा सुटीचा काळ ‘ॲट ख्रिसमस’, आणि २५ डिसेंबरचा तो एक दिवस ‘ऑन ख्रिसमस डे’. ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांपैकी कोणताही शब्द आला की प्रिपोझिशन गळून पडतो. ‘ऑन लास्ट मंडे’ असे लिहू नये. ‘एका तासात येतो’ या आपल्या वाक्याचा अर्थ तासाच्या आत येतो असा असेल, तर ‘विदिन ॲन अवर’ म्हणावे. ‘इन ॲन अवर’ म्हणजे तासाभराने. ज्याला तुम्ही ‘इन ॲन अवर’ असा निरोप दिला तो तासाच्या शेवटी तुमची वाट पाहू लागतो.

‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या जोडीवर थोडे थांबतो, कारण तिने मला स्वतःला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले. तरुणपणी मी संध्याकाळी एका लहानशा वाचनालयात काम करीत असे. पुस्तकांच्या वार्षिक मोजणीसाठी वाचनालय काही दिवस बंद राहणार होते, तेव्हा दारावरची इंग्रजी सूचना लिहिण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. सर्व पुस्तके शनिवारपर्यंत परत करावीत, हे मी ‘टिल सॅटर्डे’ असे लिहिले, आणि वाचनालय सोमवारपर्यंत बंद राहील, यासाठी लिहिले ‘द लायब्ररी विल बी क्लोज्ड बाय मंडे’. दुसऱ्या दिवशी एक वयोवृद्ध वाचक चष्मा कपाळावर सरकवून माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाब, सोमवारच्या आत वाचनालयाला कायमचे टाळे लावतात की काय?’ मी लिहिलेल्याचा अर्थ खरोखरच तसा होत होता. ‘बाय’ मुदत सांगतो: त्या वेळेपूर्वी केव्हाही, एकदाच, ते काम उरकलेले असले पाहिजे. ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ सातत्य सांगतो: त्या वेळेपर्यंत ती स्थिती चालू राहते. पुस्तके परत करणे हे एकदाच उरकायचे काम, म्हणून ‘बाय सॅटर्डे’. बंद असणे ही चालू राहणारी स्थिती, म्हणून ‘टिल मंडे’. मी दोन्ही नेमके उलटे लिहिले होते. ‘पर्यंत’ दिसला की क्रिया एकदा उरकणारी आहे की चालू राहणारी, एवढाच प्रश्न विचारावा. सोमवारही बंदमध्ये धरायचा असेल, तर केव्हा उघडणार तेच लिहिणे बरे: ‘विल रीओपन ऑन ट्यूसडे’.

‘पासून’लाही असाच एक प्रश्न पुरतो: पुढे आलेला शब्द काळातला बिंदू आहे की काळाची लांबी? ‘सोमवारपासून ताप आहे’ यात सोमवार हा बिंदू, म्हणून ‘सिन्स मंडे’. ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ यात तीन दिवस ही लांबी, म्हणून ‘फॉर थ्री डेज’. रजेच्या अर्जांत ‘सिन्स थ्री डेज’ आणि ‘फ्रॉम थ्री डेज’ ही दोन्ही रूपे सर्रास आढळतात आणि दोन्ही चुकीची आहेत. शिवाय क्रियापदही बदलावे लागते: ‘आय हॅव हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’. मराठीत ‘आहे’वर भागते, इंग्रजीत ‘हॅव’ला बोलावल्यावाचून गत्यंतर नाही.

आता ‘ने’कडे वळू. माझ्या मते मराठीतला हा सर्वांत कष्टाळू प्रत्यय आहे. ‘रमेशने चाकूने फणस कापला’ या वाक्यात तो दोनदा आला आहे. रमेश कर्ता आहे. साध्या इंग्रजी वाक्यात त्याला काहीच लागत नाही, आणि वाक्य कर्मणी केले तरच ‘बाय रमेश’. चाकू हे साधन, म्हणून ‘विथ अ नाइफ’. दोन्ही ठिकाणी ‘बाय’ घातला तर फणस कापण्यात चाकूचाही स्वतंत्र हात असल्यासारखे वाटते. ‘बसने गेलो’ यात प्रवासाचा प्रकार आहे, म्हणून ‘बाय बस’. पण नामापूर्वी ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’ आला की ‘बाय’ निघून जातो आणि मघाचे ‘इन’ व ‘ऑन’ परत येतात: ‘इन माय कार’, ‘ऑन द सेव्हन ओक्लॉक बस’. पायी जाणे मात्र ‘ऑन फूट’. थंडीने कुडकुडणे ‘विथ कोल्ड’, तर तापाने मरणे ‘ऑव्ह फीव्हर’. चोर्ल्याच्या वाटेने बेळगावला जाणे ‘बाय द चोर्ला रोड’. मानकुराद आंबे डझनाने विकतात ते ‘बाय द डझन’. ‘आठ दिवसांनी येईन’ याला ‘इन अ वीक’. आणि ‘पेनने लिही’ याला ‘विथ अ पेन’, पण शाई किंवा पेन्सिल ही लिखाणाची जात म्हणून सांगायची असेल, तर ‘इन इंक’, ‘इन पेन्सिल’. एवढ्या वापरांना एका ‘बाय’च्या दावणीला बांधणारा तक्ता किती गैरसोयीचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

येथवर अर्थाचा आधार होता. यापुढे अशा जोड्या येतात, ज्यांत इंग्रजी क्रियापद किंवा विशेषण आपला प्रिपोझिशन स्वतःच ठरवते, आणि मराठीवरून अंदाज बांधला की बहुधा घसरायला होते. आपण माणसावर रागावतो, पण इंग्रजीत ‘अँग्री विथ’. देवावर विश्वास ठेवतो, पण ‘बिलीव्ह इन’. गणितात हुशार असतो, पण ‘गुड ॲट’. कोणाशी लग्न झालेले असते, पण ‘मॅरिड टू’. कुत्र्याला घाबरतो, पण ‘अफ्रेड ऑव्ह’. काही जोड्या मात्र चक्क जुळतात: एखाद्यावर अवलंबून असणे ‘डिपेंड ऑन’, एखाद्या विषयात रस असणे ‘इंटरेस्टेड इन’. जुळणाऱ्या जोड्यांवर कष्ट घेण्याची गरज नाही. सगळा वेळ न जुळणाऱ्यांना द्यावा. आणि त्याहून फसवी आहेत ती प्रिपोझिशन न घेणारी क्रियापदे. आपण विषयावर चर्चा करतो, गावाला पोहोचतो, खोलीत प्रवेश करतो, त्याला विचारतो, बैठकीला हजर राहतो. इंग्रजीत ‘डिस्कस द मॅटर’, ‘रीच मडगाव’, ‘एंटर द रूम’, ‘आस्क हिम’, ‘अटेंड द मीटिंग’. मध्ये काहीही नाही. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘रीच टू’ ही रूपे कानांना इतकी सवयीची झाली आहेत की चुकीचे काही कानावर पडले असे वाटतच नाही. ‘त्याला सांग’ याला ‘टेल हिम’, पण ‘त्याला समजावून सांग’ याला ‘एक्स्प्लेन इट टू हिम’; या एका जागी मुले हमखास अडतात.

दोन गोष्टी राहिल्या. प्रिपोझिशननंतर क्रियापद आले तर ते ‘इंग’ लावून येते: ‘आफ्टर ईटिंग’, ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. म्हणूनच ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ बरोबर आहे, कारण त्यातला ‘टू’ प्रिपोझिशन आहे. दुसरी गोष्ट प्रश्नांची. आपण ‘कशाकडे’, ‘कोणासाठी’, ‘कुठून’ असा प्रत्यय प्रश्नशब्दालाच जोडतो. इंग्रजी बोलताना तो वाक्याच्या अगदी शेवटी टाकते: ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’, ‘हू इज इट फॉर?’, ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ वाक्य बोलून होईपर्यंत प्रत्यय ध्यानात धरून ठेवावा लागतो, आणि नवशिक्याकडून तो वाटेत सांडतो.

सरावासाठी शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक मराठी प्रत्ययाला चार-पाच पाने राखून ठेवावीत; ‘ने’ला दहा. इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना किंवा बातम्या ऐकताना एखादा प्रयोग अनपेक्षित वाटला की त्याचे मराठी वाक्य मनात करावे, त्यात कोणता प्रत्यय येतो ते पाहावे आणि त्या प्रत्ययाच्या पानावर पूर्ण इंग्रजी वाक्य उतरवावे. सुटा शब्द उतरवू नये. ‘अफ्रेड’ हा शब्द एकटा लिहून ठेवला तर उपयोग नाही. ‘शी इज अफ्रेड ऑव्ह डॉग्ज’ एवढे तरी हवे. शब्दकोश पाहतानाही अर्थ वाचून थांबू नये, खालच्या उदाहरणांत त्या शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावे.

आठवड्यातून एकदा स्वतःच्या दिवसाची पाच मराठी वाक्ये लिहून ती सोडवावीत. नमुन्यादाखल एक सोडवून दाखवतो: ‘गेल्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी आईबरोबर बसने म्हापशाच्या बाजारात गेलो.’ शुक्रवारी, सकाळी: ‘गेल्या’ असल्यामुळे दोहोंना काही नाही, ‘लास्ट फ्रायडे मॉर्निंग’. आठ वाजता: क्षण, ‘ॲट एट’. आईबरोबर: सोबत, ‘विथ माय मदर’. बसने: प्रकार, ‘बाय बस’. बाजारात: प्रत्यय ‘त’ असला तरी क्रियापद जाण्याचे, म्हणून ‘टू द म्हापसा मार्केट’. सर्व एकत्र केल्यावर क्रम इंग्रजीचा ठेवावा: ‘लास्ट फ्रायडे मॉर्निंग, ॲट एट, आय वेंट टू द म्हापसा मार्केट विथ माय मदर बाय बस.’ पुढचे वाक्य वाचकांनी स्वतः सोडवावे: ‘बाजारात आम्ही दुपारपर्यंत होतो, आणि येताना बसमध्ये उभ्याने आलो.’ यात ‘त’ थांबलेला आहे, ‘पर्यंत’ सातत्याचा आहे, आणि बसमध्ये उभे राहता येते.